ऑप्शनला टाकलेली अमेरिका

एप्रिल उतरणीला लागला की आमच्या शहरात तीन वास एकत्र येतात. कडुनिंबाच्या शेवटच्या मोहराचा, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा आणि झेरॉक्सच्या दुकानातून नुकत्याच बाहेर पडलेल्या गरम कागदाचा. परीक्षा माझी असो किंवा नसो, हे वास आले की मला पेपर जवळ आल्यासारखं वाटतं. दुपारी रस्ते रिकामे होतात, रसवंतीची घुंगरं लांबून ऐकू येतात आणि पुंडलिकनगरच्या आमच्या अभ्यासिकेत पन्नास डोकी पुस्तकावर वाकून झोप परतवत असतात.

परवा तिथंच शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीनं मला हळूच विचारलं, "ताई, अमेरिकेच्या पेपरात कामगार चळवळ ऑप्शनला टाकू का? मागच्या वर्षी आलीये ती."

ऑप्शनला टाकणं म्हणजे वाचायचंच नाही, सोडून द्यायचं. हा आमच्याकडचा जुना रिवाज. मागच्या वर्षी जे आलं ते या वर्षी येत नाही, यावर आमचा इतका विश्वास की त्या प्रकरणाची पानं कोरी करकरीत राहतात. सेकंडहँड पुस्तक घेतलं तर अशी पानं लगेच ओळखू येतात. बाकीच्या पुस्तकाला हातांचा मळ असतो, ती मात्र आत्ताच छापल्यासारखी.

डोळ्यांसमोर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा तो उन्हाळा आला. अजून मला तो नीट सांगता येत नाही. तरी प्रयत्न करून बघते.

आमचं घर चिकलठाण्यात. विमानं आमच्या गच्चीवरून उतरतात, इतकी खाली की खिडक्या मोजता येतात. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येक विमान अमेरिकेहूनच येतं. पुढं इतिहास विषय घेतला, तिसऱ्या वर्षाला अमेरिकेचा पेपर आला आणि त्या विमानांना जणू आतून दिवे लागले. पहाटे गच्चीवर चटई टाकून मी वाचत बसायचे. स्वातंत्र्याचं युद्ध, यादवी युद्ध, महामंदी. डोळे मिटले की बर्फ दिसायचा, लांबच लांब आगगाड्या दिसायच्या. तेवढ्यात साडेसहाचा पहिला भोंगा व्हायचा, बर्फ वितळायचा आणि खालून आईचा आवाज यायचा, "अगं, डबा दे तुझ्या अप्पाला, निघाले ते."

अप्पा म्हणजे माझे वडील. चिकलठाण्याच्या जुन्या एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेस मशीन चालवतात. पत्रा आत, ठोका, पत्रा बाहेर. त्यांचं शिक्षण सातवी. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. आमच्या गल्लीतही पहिलीच.

पहिलं असण्याचं एक काम असतं, ते कुणी सांगत नाही, आपोआप अंगावर येतं. गल्लीत इंग्रजी कागद आला की तो आमच्या उंबऱ्यावर येतो. दवाखान्याची फाईल, बँकेचं पत्र, कुणाच्या मोबाईलवरचा मेसेज. दहावीपासून मी ते वाचत आले. सुरुवातीला एकेक शब्द बघायचे. मग वेग आला. मग वेगाचा गर्व आला. कागदावरून नजर फिरवायची, वरची दोन वाक्यं पकडायची आणि म्हणायचं, "काही नाही, करा सही." समोरच्याच्या चेहऱ्यावरची काळजी त्या चार शब्दांनी निवळायची. ते बघायला मला आवडायचं. खरं सांगायचं तर त्यासाठीच मी घाई करायचे.

त्या वर्षी दिवाळीपासून अप्पांच्या कारखान्यात आठ तासांची शिफ्ट बारा तासांची झाली होती. सात ते सात. कुणी काही विचारलं नाही, फलकावर कागद लागला, बस. तोवर अप्पा चारला घरी यायचे, आंघोळ करायचे आणि गच्चीवर जायचे. गच्चीवर कारखान्यातून मिळालेले रंगाचे रिकामे ड्रम होते, त्यांत त्यांचं शेत होतं. मेथी, कोथिंबीर, एक वांग्याचं झाड. गाव सुटलं तरी हात मातीत जायचे राहिले नव्हते. उन्हं कलताना ते एकेका पानाशी काय बोलायचे कोण जाणे. शिफ्ट बाराची झाली आणि ड्रममधली माती तडकली. अप्पा जेवता जेवता पेंगू लागले. एकदा घास हातात धरूनच झोपले. आई त्यांच्याकडं बघत बसली, उठवलं नाही.

मग चहाच्या टपरीवर कुजबुज सुरू झाली, आपली युनियन काढायची. आठ तास परत मागायचे. त्यात पुढं होते शेखचाचा. अप्पांच्या शेजारच्या मशीनवरचे, आमच्याच गल्लीतले. आणि काळेमामा. ते आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून मामा. चाचा हसतमुख, मामा तिरसट. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नाही.

परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना एका सुट्टीच्या सकाळी दोघं आमच्याकडं आले. अप्पा गावाकडं लग्नाला गेलेले. मी दारातच पुस्तक उघडून बसले होते, महामंदीनंतरच्या सुधारणांचे मुद्दे पाठ करत.

"बेटी, जरा देख तो," चाचांनी दोन पानांचा कागद पुढं केला. "सायबानं दिला. नऊ जणांकू दिया प्रेसखात्यातल्या. तेरे अब्बा का परसों देंगे बोले."

"सगळं इंग्रजीत हाय," काळेमामा म्हणाले. "मराठीत दिला असता तर त्याची लिपस्टिक गेली असती का?"

"मामा, साहेब लिपस्टिक लावतो?"

"लावत नसंल. पण बोलतो तसाच."

मी हसत हसत कागद घेतला. वर लिहिलं होतं, हमीपत्र. खाली शिस्त, सहकार्य, उत्पादन असे शब्द. दुसरं पान मी उलटलं, त्यावर बारीक अक्षरांत एक ते नऊ कलमं होती. माझ्या डोक्यात माझे मुद्दे होते. तेही नऊच होते, आणि सातवा आठवत नव्हता.

"शिस्तीचं हमीपत्र आहे," मी म्हणाले. "सगळ्या कंपन्यांत असतं. काही नाही, करा सही."

"पक्कं ना?" काळेमामांनी विचारलं.

"अरे बेटी बोली तो फायनल," चाचा म्हणाले. "तेरेकू नक्को भरोसा तो मत कर. तू वैसा बी अंगठाछाप."

"ए, सही येते मला! वळणदार येते."

जाताना चाचा एक जादा प्रत ठेवून गेले, "तेरे अब्बाकू दिखा." तिच्या दुसऱ्या पानाची मागची बाजू कोरी होती. मी तिच्यावर माझे नऊ मुद्दे लिहून काढले. सातवाही आठवला.

दुसऱ्या दिवशी नऊ सह्या झाल्या आणि नऊ कागद काळेमामांनी गोळा करून ऑफिसात जमा केले.

त्यानंतर दोन दिवसांनी अभ्यासिकेत अफवा आली, की पेपर सेटर बदलला. नवा माणूस कडक आहे, काहीही विचारतो. सगळ्यांचे चेहरे उतरले. दुपारी लाईट गेली, पंखे थांबले, आणि त्या जाड शांततेत आदल्या वर्षी आली म्हणून मीही ऑप्शनला टाकलेल्या कामगार चळवळीची ती करकरीत पानं पहिल्यांदा उघडली.

ती दुपार मला स्वप्नासारखी आठवते. घाम पानांवर पडत होता आणि आत बर्फ पडत होता. एका गिरणीच्या गावात ऐन थंडीत बायका रस्त्यावर आल्या होत्या. नाना देशांतून आलेल्या, एकमेकींची भाषा न कळणाऱ्या. सभेत प्रत्येक भाषेचा एक दुभाषी उभा असायचा. एक जण बोलायचा आणि मग तेच बोलणं दहा भाषांमधून गर्दीत पसरत जायचं, वाऱ्यानं शेत हलावं तसं. कुठं काही लोक म्हणत होते की कामगारांची एकच मोठी संघटना असावी. तीत कुशल-अकुशल, गोरा-काळा, बाई-पुरुष, कालच बोटीतून उतरलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला, सगळे. त्या लोकांना जहाल म्हणत, तुरुंगात टाकत, गावाबाहेर हाकलत. कुठं मोटारींच्या कारखान्यात कामगार संप करून बाहेर पडलेच नाहीत, यंत्रांशेजारीच बसून राहिले, आणि घरच्यांनी खिडक्यांतून त्यांना जेवण पोचवलं. मला त्या खिडक्यांत आमच्या आईचा स्टीलचा डबा दिसला. त्या यंत्रांशेजारी अप्पा दिसले, पाय पसरून, टोपी गुडघ्यावर ठेवून.

आणि शिकागो. तिथल्या लोकांनी मे महिन्याच्या पहिल्या तारखेला आठ तासांचा दिवस मागितला होता. काही दिवसांनी एका सभेत बॉम्ब फुटला. टाकला कुणी ते कधीच कळलं नाही, फाशी मात्र भाषणं करणाऱ्यांना झाली. आमच्याकडं एक मे म्हणजे महाराष्ट्र दिन, झेंडावंदन, बुंदीचा लाडू. अमेरिकेत कामगारांचा दिवस सप्टेंबरात पाळतात म्हणे. म्हणजे त्यांनीही ही तारीख जवळजवळ ऑप्शनला टाकली. त्या लोकांचं म्हणणं होतं की दिवसाचे आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि उरलेले आठ आपल्या मर्जीचे. ते मर्जीचे आठ तास म्हणजे काय हे परीक्षेत लिहिणं अवघड आहे. मला ते अप्पांच्या मेथीवरून कळलं.

मग पुढचं पान. तिथं लिहिलं होतं की अनेक कारखान्यांत आणि खाणींत कामावर घेताना मालक एका कागदावर सही घ्यायचे. मी कुठल्याही संघटनेत जाणार नाही, असलो तर सोडीन. कामगारांनी त्या कागदाला नाव ठेवलं होतं, पिवळ्या कुत्र्याचा करार. म्हणजे त्यावर सही करणारा माणूस मालकाचं भित्रं कुत्रं झाला, असं त्यांचं म्हणणं. पुढं बऱ्याच वर्षांनी कायद्यानं तो कागद निकामी ठरवला. पण तोवर किती जणांनी पोटासाठी सह्या केल्या असतील.

मी पुस्तक मिटलं. खूण म्हणून त्यात घातलेला कागद हातात आला. एका बाजूला माझ्या वळणदार अक्षरातले नऊ मुद्दे. मी तो उलटा केला.

या वेळी मी बोट ठेवून वाचलं. एकेक शब्द, अडला तर डिक्शनरीत. पाचवं कलम असं होतं की, मी कोणत्याही कामगार संघटनेचा सभासद होणार नाही, असल्यास राजीनामा देईन. सहावं असं की, व्यवस्थापन ठरवेल ते कामाचे तास मला मान्य राहतील.

त्या गिरणीच्या गावातल्या दुभाष्यांपैकी एकानं जरी घाईत चुकीचं सांगितलं असतं, तर अर्धी गर्दी घरी गेली असती. त्यांच्यातलं कुणी चुकलं की नाही, पुस्तकात लिहिलेलं नाही. मी चुकले होते. नऊ माणसांचे आठ तास मी चार शब्दांत देऊन टाकले होते.

संध्याकाळी मी कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिले. याआधी कधी गेले नव्हते. आकाश जांभळं झालेलं, धुळीत दिवे लागत होते. भोंगा झाला आणि माणसं बाहेर येऊ लागली. सगळ्यांची चाल सारखी, थकलेली, जणू एकच लांब माणूस बाहेर पडतोय. त्यात मला क्षणभर ती दुपारची पुस्तकातली माणसंही दिसली. मग अप्पा दिसले. गावाहून येऊन त्या सकाळीच कामावर गेले होते.

मला बघून ते धावतच आले. "काय झालं? आई बरी हाय ना?"

"आई बरी आहे. अप्पा, माझं चुकलं."

मी तिथंच, सायकलींच्या गर्दीत, सगळं सांगितलं. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांना तो त्याच दिवशी मिळाला होता. त्यावर अजून सही केलेली नव्हती. त्यांनी तो उघडला, बघितला आणि परत घडी घातली.

"चाचाला बोलव," एवढंच म्हणाले.

तासाभरात आमच्या गच्चीवर चाचा, काळेमामा आणि प्रेसखात्यातले आणखी सात जण जमले. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, खाली आई हंडे भरत होती, पाणी खेचणाऱ्या मोटारींचा आवाज सगळ्या गल्लीभर. मला मान वर करता येत नव्हती. मी पाचवं आणि सहावं कलम मराठीत सांगितलं. मग अमेरिकेचंही सांगितलं, कारण दुसरं काय बोलावं सुचेना.

मग काळेमामा म्हणाले, "शिकलेली पोरगी म्हणून इश्वास ठेवला. नाय शिकली असती तर दुसऱ्याकडं तरी गेलो असतो."

ते खरं होतं म्हणून लागलं.

"गप रे," चाचा म्हणाले. "तू बी तो 'वळणदार सही' करके आया. आता तू पिवळा कुत्ता, मैं बी पिवळा कुत्ता. गल्ली में दो हो गए."

"नऊ झाले," मागून कुणीतरी म्हणालं, आणि एकदम हशा पिकला. मला मात्र हसता आलं नाही.

"मग त्या अमेरिकेवाल्यांनी काय केलं?" अप्पांनी विचारलं. "सह्या केल्यावर?"

माझ्या गाईडमध्ये याचं उत्तर नव्हतं. पुस्तकात जेवढं होतं तेवढं सांगितलं. काही जण सही करूनही गुपचूप संघटनेत गेले. काहींना काढून टाकलं. पुष्कळ वर्षं लागली.

"आपल्याकडं येवढी वर्षं नायती," अप्पा म्हणाले. "लिही. सह्या मागं घेतो म्हणून लिही. मराठीत."

इथं मला जरा पुढचं सांगू द्या, कारण वाचणाऱ्याला ते कळायला हवं. ते पत्र कंपनीनं दोनदा घेतलं नाही. तिसऱ्यांदा घेतलं, कारण एक प्रत कामगार कार्यालयात गेली होती. काळेमामांना प्रेसखात्यातून काढून स्टोअरला टाकलं, चाचांची पाळी दर आठवड्याला बदलत राहिली. युनियन व्हायला दुसरी दिवाळी उलटली. आज प्रेसखात्यात आठ तास आहेत. रंगखात्यातल्या कंत्राटी माणसांना अजून बाराच आहेत, आणि चाचा त्यांच्या मागं लागलेत. परीक्षेचं म्हणाल तर कामगार चळवळीवर प्रश्न आलाच नाही. रिवाज खरा ठरला. पेपर सुटल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, बघ, उगाच वाचलंस. मी हो म्हणाले.

कधी कधी गच्चीवर पडल्या पडल्या मला वाटतं, इतिहास आमच्या पेपरसारखा नसतो. मागच्या वर्षी आलेलं तो पुन्हा विचारतो, वेगळ्या गावात, वेगळ्या भाषेत, आणि तयारी केली नव्हती म्हणून सोडत नाही. अभ्यासिकेतल्या त्या मुलीला शेवटी मी एवढंच म्हणाले, वाचून ठेव. कारण विचारलं तर सांगायला मला फार वेळ लागला असता.

त्या संध्याकाळी मी बल्बखाली बसून पत्र लिहिलं. मला वाटलं, निदान खरं तरी लिहावं. म्हणून पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की, हा कागद आम्हाला आमच्या गल्लीतील कॉलेजच्या विद्यार्थिनीने चुकीचा वाचून दाखवला, त्यामुळे गैरसमजातून सह्या झाल्या. खाली माझं नावही घातलं. वाचून दाखवायला उभी राहिले, तर काळेमामांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"या टायमाला आमी वाचतो," ते म्हणाले.

आणि ते वाचू लागले. मोठ्यानं, अडखळत, जोडाक्षरापाशी थांबत. चाचांना उर्दू वाचता येतं, मराठी नाही, म्हणून त्यांनी प्रत्येक ओळ दोनदा वाचायला लावली. मग कागद पुढच्याकडं गेला. त्यानंही पहिल्यापासून वाचलं. कुणी कुणाला घाई केली नाही. माझ्या आयुष्यात मी इतकं सावकाश वाचन ऐकलं नव्हतं. खाली पाणी गेलं, मोटारी एकेक करत बंद झाल्या, आणि गच्चीवर तेच शब्द वेगवेगळ्या आवाजांत फिरत राहिले.

सगळ्यात शेवटी कागद अप्पांकडं आला. त्यांनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं. पहिल्या परिच्छेदापाशी बोट थांबलं.

"हे खोड."

"अप्पा, खरंय ते. माझ्यामुळंच झालंय."

"व्हय, खरं हाय. पर ते आपल्या गच्चीवरचं खरं हाय. ते मी तुला सांगंन, मामा सांगंल, हक्कानं सांगंल. कंपनीला काहून सांगायचं?" त्यांनी कागद माझ्यापुढं ठेवला. "तिथं लिही, तुमी आमाला कागद आमच्या भाषेत दिला नाय. वाचायला टाईम दिला नाय. सही मागितली, समजलं का ते इचारलं नाय."

मी काळेमामांकडं बघितलं. ते दुसरीकडं बघत होते. मग म्हणाले, "लिही ना. बघती काय? अन्‌ जोडाक्षरं जरा कमी टाक."

मी माझ्या नावावर रेघ मारली. नवा कागद घेतला आणि अप्पा सांगतील तसं, एकेक शब्द त्यांना दाखवत, पहिल्यापासून लिहायला लागले.